पाचव्या कलमाची खालची ओळ

आटपाट रान होतं. आटपाट म्हणजे नेमकं काय, हे रानात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळ्या सरकारी ठरावांत तसंच लिहिलेलं असल्यामुळे कोणी विचारत नसे.

त्या रानात गवत खाणाऱ्यांनी मिळून एक संघ काढला होता. नाव शृंगसंघ. अध्यक्ष अर्थातच गवा, महिपतराव, कारण निवडणुकीच्या दिवशी ते मतपेटीवर बसले होते आणि उठा म्हणायला कोणी पुढे झालं नाही. संघात यायचं तर शिंग पाहिजे, असा नियम होता. सांबराला शिंगं होतीच. रानडुकराचे सुळे हे शिंग मानण्यात आले. पंचाईत झाली ती सशांची, कारण सशाचं शिंग म्हणजे जगात नसलेली वस्तू, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण उघडा माळ सशांचा होता, आणि रानकुत्र्यांच्या टोळ्या आल्या तर त्या आधी माळावरूनच येणार होत्या. आधी कोणाला तरी चावलं जावं, ही संघाची गरज होती. तेव्हा "सशांचे कान हे शिंग मानण्यात येतील" असा ठराव एकमताने पास झाला. ससे इतके हरखले की त्यांनी आठवडाभर कान खाली केले नाहीत.

संघाचा करार साठ कलमांचा. तो सुतार पक्ष्याने चोचीने अर्जुनाच्या झाडावर कोरला. त्यातलं पाचवं कलम सगळ्या पिल्लांना शाळेत पाठ करावं लागे. त्याची वरची ओळ अशी होती: "एका सभासदावर झालेला हल्ला हा सर्व सभासदांवर झालेला हल्ला आहे असे मानण्यात येईल." खालची ओळ अशी होती: "आणि सर्व सभासद असेल त्या बळानिशी धावून जातील."

आता झालं असं, की वरची ओळ होती महिपतरावांच्या डोक्याच्या वर, आणि खालची होती बरोबर त्यांच्या मानेच्या उंचीवर. महिपतरावांना मानेला खाज होती. करार कोरल्यामुळे झाडाचं खोड छान खरखरीत झालं होतं. त्यांना त्या ओळीपाशी इतकं बरं वाटे की रोज सकाळ-संध्याकाळ ते तिथे येत. लोक म्हणत, अध्यक्षांचं करारावर किती प्रेम!

कराराची पहिली कसोटी लागली ती महिपतरावांवरच. चिखलात लोळत असताना रानकुत्र्यांच्या एका टोळीने मागून येऊन त्यांच्या शेपटीचा गोंडा तोडून नेला. चिटणीस भेकरराव, जातीचं भुंकणारं हरीण, भुंकले, आणि सगळं रान धावलं. तेव्हा खालची ओळ पुसट का होईना, वाचता येत होती. सशांनी चाळीस जण दिले. टोळी बाभूळबनात लपली होती, तिथे त्यांना पाठवलं. ते बाभूळबन कुठे आहे, हेही त्यांना जाताना विचारावं लागलं. महिपतरावांनी त्या लढाईत दोनदा विजय जाहीर केला आणि तिसऱ्यांदा ते कोणाला न सांगता घरी आले. ससे मात्र तिथेच लढत राहिले, कारण घरी जा असं सांगायला कोणी गेलंच नाही. चाळिसातले सोळा परतले. तानूबाईचा नवरा धोंडू परतला नाही.

माळावर एक दगड उभा केला. महिपतराव स्वतः आले, गहिवरून म्हणाले, "सशांचे हे ऋण शृंगसंघ कधीही विसरणार नाही," आणि त्यांनी त्या दगडाला मान घासली. तानूबाई पुढच्या रांगेत बसली होती. पोटात पोर होतं. तिला वाटलं, चला, धनी गेला, पण पोराच्या पाठीशी आता सगळं रान आहे.

पोर झालं, मुलगी. लवंगी. एवढीशी, पण चावायला पहिली.

मग त्या वर्षी माळावरच्या बाजारात कोणीतरी एक भला मोठा भोपळा ठेवून गेलं. भर दुपारी तो फुटला. आत गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं होतं. सात ससे जागच्या जागी मेले, पन्नासेक सुजून आंधळे झाले, आणि त्या पळापळीत रानकुत्र्यांनी अकरा पोरं उचलून नेली. अकरांत लवंगी होती.

टोळी तरसाच्या हद्दीतल्या कपारीत बसली. तरसाने लगेच निवेदन काढलं. "झाल्या प्रकाराचा मी तीव्र निषेध करतो. माझ्या कपारीत कोण येतं-जातं हे मला कसं कळावं? माझी पाठ मागे उतरती आहे, मागचं दिसत नाही." मग टोळीचा निरोप घेऊन कावळा आला. "पोरं फार लुकडी आहेत. पौर्णिमेपर्यंत चारतो, मग बघतो." पौर्णिमेला आठ दिवस होते.

तानूबाई एका दमात अर्जुनाच्या झाडापाशी पोचली. भेकरराव भुंकले. अर्ध्या तासात सगळे सभासद जमले, आणि तिला खरंच रडू आलं. एवढ्या मोठ्या शिंगांचं रान आपल्यासाठी गोळा झालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

महिपतराव उभे राहिले. "बंधूंनो, आज हल्ला माळावर झालेला नाही! आज हल्ला सांबरावर झाला आहे! रानडुकरावर झाला आहे! आज हल्ला," इथे त्यांचा आवाज चिरकला, "माझ्यावर झाला आहे! भेकरराव, पाचवं कलम वाचा."

भेकररावांनी वरची ओळ खड्या आवाजात वाचली. मग ते थांबले.

"आणि?" तानूबाई म्हणाली.

"आणि काही नाही. एवढंच आहे."

कर्तव्य तर स्पष्ट होतं. प्रत्येकावर हल्ला झाला आहे असं मानायचं होतं. पण हल्ला झालेल्याने करायचं काय असतं, हे कोणाला नीट सुचेना. शेवटी महिपतराव, नेतेच ते, मार्ग त्यांनाच सापडला. त्यांनी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि ते हळूच कुशीवर कलंडले.

"आई गं," अध्यक्ष म्हणाले. "लागलं."

मग सांबर पडलं. रानडुक्कर पडलं. भेकररावांनी इतिवृत्त लिहून संपवलं आणि तेही लंगडू लागले. पाच मिनिटांत शृंगसंघात एकही सभासद धडधाकट उरला नाही. करार इतका काटेकोर पाळला गेल्याचं उदाहरण इतिहासात नाही.

रानातला हळदीचा लेप आणि पळसाची पानं ताबडतोब मागवण्यात आली. जखमींचा क्रम शिंगांच्या लांबीप्रमाणे ठरला. त्यामुळे सांबराला आठ ठिकाणी पट्ट्या बांधल्या, महिपतरावांना तर बांधून बांधून त्यांचं नाक तेवढं उघडं राहिलं. खरोखरच्या गांधीलमाश्या चावलेले ससे रांगेच्या टोकाला होते. त्यांची पाळी आली तेव्हा हळद संपली होती. "तुमचं दुःख तेच आमचं दुःख," परिचारक वानराने त्यांना समजावलं. "म्हणजे आम्हाला लेप लागला तो तुम्हालाच लागला."

"मग माझा डोळा का उघडंना?" एका म्हाताऱ्या सशाने विचारलं.

"मानून बघा," वानर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून प्रकृतीची पत्रकं निघू लागली. अध्यक्षांची रात्र बरी गेली. अध्यक्षांनी थोडं कोवळं गवत घेतलं. झाडाझाडावर घोषणा लागल्या, "घाव एक, कण्ह एक!" "माळाच्या वेदनेत आपण सारे आडवे!" चौथ्या दिवशी तर संयुक्त कण्हण्याचा सराव झाला. सकाळी दहा ते बारा, सगळे सभासद एका सुरात. आवाज इतका दणदणीत झाला की कपारीतली रानकुत्री पहिल्यांदाच घाबरली. त्यांनी कावळा पाठवून चौकशी केली. कावळा परत आल्यावर ती दुपारभर हसत होती.

तानूबाई रोज यायची. पहिल्या दिवशी तिला दवाखान्याच्या गेटवरच्या वानराने विचारलं, "कोणाला भेटायचंय? भेटायला येणाऱ्यांनी फळं आणावीत." दुसऱ्या दिवशी सांबराने तिला माश्या वारायला बसवलं. पाचव्या दिवशी ती सरळ महिपतरावांच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, तीन दिस ऱ्हायलं. उठा की आता."

"तानूबाई," नाकातून आवाज आला, "मी तुमच्यापेक्षा जास्त भोगतो आहे. माझं आकारमान बघा."

"खाली आणिक एक ओळ हुती. धावून जायाची. ती कुठं गेली?"

भेकरराव लंगडत पुढे आले. "खाली ओळ होती याला पुरावा काय?"

तानूबाईने झाडाकडे पाहिलं. जिथे ओळ होती तिथे खोड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, आणि त्याला काळ्या केसांचे दोन-चार पुंजके चिकटले होते.

"माझा धनी त्या ओळीवर गेला," ती म्हणाली. "परत आला न्हाई. ह्योच पुरावा."

मग महिपतराव जरा मोठ्याने कण्हले, आणि मागोमाग, शिस्तीत, सगळे कण्हले.

तिथून निघाली तेव्हा तानूबाईचा राग इतका मोठा होता की तिला रस्ता दिसत नव्हता. तशीच ती साळबाच्या बिळावर जाऊन आदळली. साळबा म्हणजे साळिंदर. हा संघात नव्हता. अर्ज भरायला गेला तेव्हा "शिंगांची संख्या" या रकान्यावरून त्याचं आणि भेकररावांचं भांडण झालं होतं. माळाच्या कडेची कंदमुळं उकरतो म्हणून सशांचंही त्याच्याशी कधी पटलं नव्हतं. तानूबाईने स्वतः त्याला दोनदा शिव्या घातल्या होत्या.

"कोण हाय भर दिवसाचं?" साळबा झोपेतून ओरडला. "आम्ही रातीची माणसं. जरा तरी लाज बाळगा."

तिने सगळं सांगितलं. साळबाने ऐकलं, एक जांभई दिली.

"आपला काई करार हाय का?" त्याने विचारलं.

"न्हाई."

"मग बरं. वाचण्यात येळ जायाचा न्हाई. चल."

रानकुत्री दुपारच्या उन्हात जेवून सुस्तावतात, हे तानूबाईला माहीत होतं. बरोबर त्या वेळेला ती कपारीपाशी पोचली. मागे माळावरचे बावीस ससे होते, त्यातल्या निम्म्यांचे डोळे अजून सुजलेले. साळिंदराची लढायची रीत वेगळी. ते शत्रूकडे पाठ करतं आणि काटे फुलवून उलटं धावतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, भित्रं पळालं. साळबा तसाच उलटा कपारीत शिरला. आत जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. रानकुत्री नाकात काटे घेऊन बाहेर पडली आणि तरसाच्या अंगणातून ओरडत गेली. तरसाने पाठ उतरती असूनही त्यांना पाहिलं.

पोरं मिळाली. नऊ मिळाली. दोघं उपाशीच दगावली होती, रानकुत्र्यांनी चारायला आणलेलं मांस सशाच्या पोटाला चालत नव्हतं. लवंगी सगळ्यात शेवटी आली, डाव्या कानाचा शेंडा नव्हता. तानूबाईने तिला पोटाशी धरलं आणि ती हुंदके देऊन रडली. साळबा तिकडे पाठ करून उभा राहिला. त्याला पाठ करण्याची सवयच होती.

ही बातमी पोचताच शृंगसंघाचे सगळे सभासद एकदम बरे झाले. महिपतरावांनी पट्ट्या सोडल्या आणि विजय जाहीर केला. एकाचा विजय हा सर्वांचा विजय आहे, असं मानण्यात आलं. अकरा दिवस आडवं राहण्याचं शौर्य दाखवल्याबद्दल सांबराला पदक मिळालं. खरं तर आडवे राहिले होते पाचच दिवस, पण अकरा पोरांच्या सन्मानार्थ अकरा धरण्यात आले. साळबाला नोटीस गेली. सभासद नसताना सभासदाच्या मदतीला धावून संघाच्या एकजुटीला बाधा आणली, असा ठपका होता. साळबाने ती नोटीस बिळात अंथरली.

वर्ष गेलं. रानकुत्र्यांच्या नाकातले काटे निघाले, आणि एका सकाळी त्यांनी पुन्हा चिखलात लोळणारे महिपतराव गाठले. गोंडा आधीच गेला होता. या वेळी उरलेली शेपटी गेली, आणि मांडीचा लचकाही. टोळी बाभूळबनात पळाली. भेकरराव घसा फुटेस्तोवर भुंकले. सांबर म्हणालं, मागच्या दुखण्यातून मी अजून उठलेलो नाही. रानडुकराच्या घरी लग्न होतं. मग सगळ्यांना सशांची आठवण झाली. लढायचा अनुभव त्यांनाच होता.

महिपतराव स्वतः रक्त ठिबकत माळावर आले, आणि बघतात तो काय! सगळा माळ आडवा पडला होता. म्हातारे, बाया, पोरं, सगळे कुशीवर, पळसाच्या पानांच्या पट्ट्या बांधून. दहाचा सुमार होता. सगळे एका सुरात कण्हत होते. पहिल्या रांगेत लवंगी होती, ती कण्हताना मध्येच खुदकन हसत होती.

"तानूबाई!" महिपतराव ओरडले. "अहो, हे काय? उठा! माझी शेपटी गेली!"

तानूबाईने एक डोळा उघडला. "व्हय हो अध्यक्षसाहेब. आम्हास्नी पन शेपटीलाच लागलंय. लई ठणकतंय."

"अहो, पण कलम! पाचवं कलम!"

"तेच तर पाळतोय."

मग महिपतरावांना एकाएकी आठवलं. "खाली आणखी एक ओळ होती! धावून जाण्याची! मी स्वतः वाचली आहे!"

तानूबाईने डोळा मिटून घेतला.

"पुरावा?" ती म्हणाली.

शृंगसंघ अजून आहे. त्यात दरवर्षी नवे सभासद येतात, आणि त्यांना पाचवं कलम पाठ करावं लागतं, वरची ओळ तेवढी. ही साठा कलमांची कहाणी पाचव्या कलमी सुफळ संपूर्ण झाली असे मानण्यात येईल.