रविवारच्या जेवणाची रंगीत तालीम

“आणि नॅपकिन? तो मांडीवर घ्यायचा कधी? बसल्या बसल्या, की जेवण आल्यावर?”

केसोबुवा ओल्या फडक्याने पत्रावळी पुसत होते. एक पुसून झाली, दुसरी घेतली.

“तुला काय वाटतं?”

“बसल्या बसल्या,” सुयश म्हणाला. “मला येतं हो सगळं, बुवा. तुम्ही फक्त एकदा तपासून द्या.”

आता मठातल्या बुवाला कुणी असलं विचारायला येतं का? पण या बुवांची गोष्टच निराळी. भगवं नेसण्याआधी ते मुंबईत एका बड्या हॉटेलात वेटर होते. उभा जन्म साहेबलोकांना वाढण्यात गेला. अख्ख्या तालुक्यात काट्या-चमच्याचा जाणकार म्हणाल तर हा एवढा एकच.

आणि सुयशला जाणकार हवाच होता. सतरा वर्षांचं पोरगं, बारावीतलं, वर्गातल्या मिहिकावर जीव जडलेला. दहा-अकरा दिवसांपूर्वी दोघं नाक्यावरच्या नव्या कॅफेत जेवायला गेली होती. त्यानंतर मिहिका आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी मेसेज आला, ‘रविवारी परत जाऊ. एकदाच. नाही जमलं तर राहू दे.’

बिचाऱ्याची झोपच उडाली. चुकलं कुठे? कोपर टेबलाला लागलं? सूप पिताना आवाज झाला? त्याने चाळीस व्हिडिओ पाहिले. आरशासमोर बसून तोंड मिटून पोळी चावली. आईने विचारलं, दाढ दुखतेय का रे?

“सुरी उजव्या हातात, काटा डाव्या,” तो बुवांना सांगू लागला. “घास लहान. ओठ बंद. पाठ ताठ. जेवून झालं की काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवायची. बरोबर?”

“बरोबर.”

“मग चुकलं काय माझं?”

बुवांनी फडकं बाजूला ठेवलं.

“आज गुरुवार आहे,” ते म्हणाले. “पंगतीला बस. माझ्यासमोर. जसं रविवारी जेवणार, तसंच जेव.”

सुयशला तेच हवं होतं. पठ्ठ्याने दप्तरातून काटा, सुरी, चमचा आणि इस्त्रीचा रुमाल काढला. तयारीनिशीच आला होता!

मठाच्या ओसरीवर चाळीस माणसं समोरासमोर बसली. वाढपी दत्तू बादल्या घेऊन फिरू लागला. भात, वरण, शेवग्याची आमटी, बटाट्याची भाजी, पुरी, शिरा. मठाचा रिवाज असा, की शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कुणी पानाला हात लावायचा नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुयशलाही ठाऊक होतंच की! पण त्याचं सगळं ध्यान पाठीच्या कण्यात गेलेलं.

त्याने रुमाल मांडीवर पसरला आणि सुरुवात केली.

टम्म पुरीला सुरी लावली, ती फुस्स झाली. हरकत नाही. चार तुकडे, सारखे. बटाटा काट्यावर. ओठ बंद. शेवग्याची शेंग सुरीने उभी चिरली, आतला गर काट्याने खरवडला, सालं कडेला ओळीने मांडली. आमटी चमच्याने, आवाज नाही. पत्रावळीला सुरीने एक भोक पडलं, तेही त्याने भाताने अलगद बुजवलं.

पंगत चिडीचूप.

सुयशच्या लक्षात आलं ते. इतक्या माणसांत हूं की चूं नाही! डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याने पाहिलं, तर चाळीसच्या चाळीस माणसं त्याच्याकडेच बघत होती. त्याची छाती फुगली. पलीकडची पारूबाई काही बोलायला गेली, तर बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. माझी समाधी मोडू नये म्हणून, असं सुयशला वाटलं. त्याने शिऱ्याचा शेवटचा घास आणखीच सावकाश खाल्ला.

मग ओठ टिपले. काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवली.

“झालं, बुवा. कसं वाटलं?”

“सुरेख. एवढं सुबक जेवताना मी साहेबालासुद्धा पाहिलं नाही.”

“चूक एकही नाही?”

“हातांची एकही नाही.”

सुयशने ऐटीत डावीकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या पानावर पुरी तशीच होती. उजवीकडे पाहिलं. आमटीवर साय धरली होती. सगळी माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली...

मग त्याने समोर पाहिलं.

बुवांच्या पानावर काहीच नव्हतं. भाताचं शीत नाही, मिठाचा कण नाही. दत्तू बादली धरून मागे उभा होता आणि हसू दाबत होता.

“बुवा... तुम्हाला वाढलंच नाही?”

“नाही.”

“आणि म्हणून हे सगळे...”

“हो.”

सुयशचे कान लाल झाले. ओसरी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

“त्या दिवशी कॅफेत,” बुवांनी हळूच विचारलं, “तिची प्लेट कधी आली होती?”

सुयश आठवू लागला.

त्याची प्लेट आधी आली होती, एवढं आठवत होतं. ‘तुझं चालू दे,’ असं ती म्हणाली होती. त्याने चालू दिलं होतं. तिचं काय आलं, कधी आलं, गरम होतं की गार, ती जेवली तरी का... काही म्हणजे काही आठवेना. पाठ मात्र ताठ होती, ते पक्कं आठवत होतं.

“बुवा, मी गाढव आहे हो,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

“ते नंतर ठरवा रे बाबांनो!” पारूबाई पलीकडून ओरडली. “आधी त्यांच्या पानात काहीतरी पडू द्या. इथं पोटात कावळे ओरडतायत!”

सुयश ताडकन उठला. मांडीवरचा रुमाल खाली पडला, त्यावर त्याचाच पाय पडला. त्याने दत्तूच्या हातून भाताची बादली घेतली, बुवांसमोर वाकला, डाव भरला... आणि तसाच थांबला.

“बुवा, किती वाढू?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

“दोन डाव,” ते म्हणाले. “आणि माझं होईपर्यंत इथंच बस.”