कोतवालाची बाभूळ

माळावर माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या बाभळीच्या शेंड्यावर कोतवाल पक्षी राहायचा. अंगाने काळा, तोंडाने फटकळ. तो कावळ्याला झाडाजवळ फिरकू देत नसे, म्हणून खाली बरीच पाखरं दाटीवाटीने संसार करत. मात्र कुणी अळी घेऊन घरट्याकडे निघालं, की कोतवाल अधूनमधून ती हिसकावून घ्यायचा.

हळद्या पक्ष्याची बायको हळदी पहिल्यांदाच अंडी घालणार होती. ती नवऱ्याला म्हणाली, "पिल्लांच्या तोंडचा घास या मेल्याला का म्हणून द्यायचा? ओढ्यापलीकडचा करंज अख्खा मोकळा आहे."

"मोकळा का आहे, ते विचारलंस कुणाला?"

"विचारायला तिथे आहे कोण?"

करंजावर घरटं झालं, दोन पिल्लं झाली. प्रत्येक अळी आता थेट त्यांच्याच चोचीत पडे. हळदी सुखावली.

एका दुपारी दोघंही चाऱ्याला गेले. हळदी परतली तेव्हा कावळा उडून चालला होता आणि घरटं रिकामं होतं. चोचीतली अळी टाकून ती खूप ओरडली. त्या शांत झाडावर ओ द्यायला कुणी नव्हतं.

सांजावताना ती बाभळीवर येऊन बसली. सवयीने तिने ती अळी पुन्हा उचलून आणली होती. कोतवाल झेपावला आणि तिच्याकडे बघून थबकला.

हळदीने अळी फांदीवर ठेवली. "घ्या, कोतवालकाका. आता कुणाला नेऊ?"

कोतवालाने पहिल्यांदाच अळीला चोच लावली नाही.