शहामृगाचे लंगडणे

फार पूर्वी सौवीर देशात वीतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाळवंटाच्या कडेला शहामृगाच्या कुळात जन्मले. पक्ष्याचा जन्म मिळाला खरा, पण उडणे नशिबात नव्हते. मान ताडमाड, पाय लांबलचक आणि एकेका पायाला बोटे दोनच. पापण्या मात्र राजकन्येला हेवा वाटावा अशा. अन्न पचावे म्हणून ते खडे गिळत. पंखांचा उपयोग एवढाच, की धावताना वळण घेता येई आणि उन्हात पिलांवर सावली धरता येई. बोधिसत्त्वांना तेवढा पुरेसा वाटत असे.

वाळूत पायाने उकरलेला एक खळगा, हेच त्यांचे घरटे. त्यात एकवीस अंडी होती. सगळी काही त्यांच्या पत्नीची, धूसरेची, नव्हती. शेजारणींनीही आपापली आणून घातली होती आणि त्या खुशाल निघून गेल्या होत्या. शहामृगांत तशी रीतच आहे. दिवसा वाळूच्या रंगाची धूसरा अंड्यांवर बसे, कारण ती चटकन दिसत नसे. ऊन कलले की काळेभोर बोधिसत्त्व तिची जागा घेत.

"रोजचा उशीर! खडे निवडत बसला होतात का?" धूसरा विचारी.

"अगं, खडाही चांगला बघूनच गिळावा लागतो," बोधिसत्त्व म्हणत आणि मुकाट्याने अंड्यांवर बसत.

वाळवंटाच्या टोकाला मिठाचे तांडे नेणाऱ्यांची वस्ती होती. वाळू ओलांडायला सात दिवस लागत. पाणी नेण्यासाठी ते लोक शहामृगाच्या अंड्यांना भोक पाडून त्यांचे कुंभ करीत. अंडी वेचण्याचे काम कणवीर नावाच्या माणसाकडे होते. तांडा निघायला तीन दिवस उरले, तरी कुंभ कमी पडत होते. म्हणून एका सकाळी तो भटकत भटकत या घरट्याजवळ येऊन पोहोचला.

त्याला पाहताच धूसरा मान वाळूवर टेकवून गपगार पडून राहिली. बोधिसत्त्व मात्र सामोरे गेले. त्यांनी एक पंख लोंबता सोडला आणि ते लंगडू लागले. पिलांवर संकट आले की शहामृगाचा बाप हेच करतो. जखमी पक्षी आयताच सापडला म्हणून कणवीर हरखला आणि मागे लागला. पक्षी सारखा दहा पावलांवर दिसे, पण हाती काही लागेना. धावता यावे म्हणून कणवीराने खांद्यावरचा पाण्याचा कुंभही वाटेत टाकला आणि तो फुटला. दोन कोस गेल्यावर बोधिसत्त्वांनी पंख आवरला आणि भरधाव धावत ते दिसेनासे झाले.

लांब गेल्यावर त्यांनी एकदा मागे वळून पाहिले. माणूस भर उन्हात गुडघ्यांवर बसला होता. बराच वेळ झाला तरी तो उठला नाही.

तेव्हा ते सरळ घरी गेले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. खरे सांगायचे तर दुसरा कोणीही गेला असता. बोधिसत्त्व परत फिरले.

"माझा पंख मोडलेला नाही," ते म्हणाले. "मी तुला फसवलं."

कणवीराचे ओठ फुटले होते. "कळलं ते, मेल्या. आता मरण बघायला आलास होय?"

"तुला न्यायला आलोय. माझ्या लबाडीपायी तू इथवर आलास. पाठीवर बस."

त्या सगळ्या मुलखात ओलावा एकाच ठिकाणी होता. तिथे रानकलिंगडांचे वेल पसरले होते, आणि ते अगदी घरट्याला लागून होते. बोधिसत्त्वांना ते पक्के ठाऊक होते. माणूस वाचवायचा, तर त्याला अंड्यांपाशीच न्यायला हवे होते. तरी ते चालत राहिले. शहामृगाची पाठ माणूस वाहण्याजोगी नसते. घर दिसले तेव्हा ते पाय ओढत चालत होते.

"अहो, याला एवढ्या लांब नेऊन सोडलंत," धूसरा अंड्यांवरून उठून ओरडली, "आणि आता पाठीवर बसवून घरी आणलंत?"

"तहानलाय गं तो."

"आणि अंडी?"

 बोधिसत्त्वांनी लाथेने एक कलिंगड फोडून कणवीरापुढे सारले आणि ते तिथेच कोसळले.

पोटात गर गेल्यावर कणवीर सावध झाला. त्याने एकवीस अंडी पाहिली. "माझ्या तांड्यात लेकरंबाळं आहेत," तो मान खाली घालून म्हणाला. "त्यांना पाणी न्यायचं कशात? पाच तरी नेतो."

"मला आता उठून तुला अडवता येणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "नेण्याआधी पारखून तरी बघ."

अंडी वेचणाऱ्यांची पारख अशी होती. अंडे कानाला लावून नखाने टकटक करायचे. मुके निघाले तर कुंभाला चांगले. आतून आवाज आला तर ते नासके समजून वाळूत भिरकावून द्यायचे. कणवीराला बापाने हे शिकवले होते, बापाला आजाने.

त्याने एक अंडे कानाला लावून टकटक केली. आतून चिवचिव आली. "हे नासकं," तो सवयीने म्हणाला आणि त्याने ते फेकायला हात उचलला.

तेवढ्यात बोधिसत्त्वांनी पडल्या पडल्या घशातून एक हलका हुंकार दिला. कणवीराच्या हातातल्या अंड्याने लगेच उत्तर दिले. मग खळग्यातली बाकीची अंडीही एकेक करून बोलू लागली.

कणवीराचा हात तसाच राहिला. "हे तुझ्याशी बोलतंय?"

"रोजच बोलतात. उद्या-परवा बाहेर येतील."

"अशी मी आजवर किती..."  कणवीराने ते अंडे दोन्ही हातांनी खळग्यात ठेवले आणि तो ढसाढसा रडला.

ऊन कलले. बोधिसत्त्वांची बसायची वेळ झाली, पण त्यांना पाय उचलवेना. कणवीराने खांद्यावरचे कांबळे काढले. "सरक बाई," तो धूसरेला म्हणाला. "तुझ्या पंखाखाली मावत नाहीत ती मी झाकतो." आणि धूसरा, जी कोणाचे ऐकत नसे, ती सरकली.

त्या वर्षी तांडा उशिराने निघाला. लोकांनी पाणी भोपळ्याच्या तुंब्यांतून नेले.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "पाणी गाळताना फडक्यात आलेला किडा परत डोहात सोडायला जो अर्धा कोस चालतो आणि ज्याला तुम्ही हसता, तो भिक्षू वज्जित म्हणजेच तेव्हाचा कणवीर. मला उशीर झाला की अजूनही रागावते ती भिक्षुणी धनिला म्हणजे धूसरा. शहामृग मीच होतो. अंड्यांसाठी लंगडलो ती माया होती, आणि ती कुठल्याही बापाला असते. पण परत जाऊन, ज्याला फसवलं त्यालाच माझा पंख धड आहे असं सांगितलं आणि त्याला पाठीवर घेतलं, ती सत्याची परिपूर्णता, सत्यपारमिता."