भाकणूक सांगणाऱ्याचे पाय

फार जुन्या काळी, नदीकाठी धनगरांची एक वस्ती होती. उन्हाळा सरत आला की वस्तीचा पुजारी देवळापुढच्या दगडावर बसे, डोक्यावर घोंगडं घेई आणि येणाऱ्या पावसाची भाकणूक सांगे. त्याच्या शब्दावर साऱ्यांची मेंढरं हलत.

त्या वर्षी पुजारी म्हणाला, "औंदा पाऊस थोडा. मेंढरं नदीच्या पात्रात बसवा. गवत तितंच ऱ्हाईल."

सगळ्यांनी भंडारा उधळला. धोंडाईने मात्र पुजाऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

धोंडाई म्हातारी मुलखाची संशयी, ताकही फुंकून पिणारी. चाळीस मेंढ्या एवढंच तिचं धन, त्यातल्या निम्म्या गाभण. पुजाऱ्याचा बाप भाकणुकीला बसे तेव्हा त्याच्या टाचांना भेगा असत, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे असत. याचे पाय कसे लख्ख!

"पात्रात फिरून आलास का रं?" तिने विचारलं.

"म्या कशाला जाऊ? द्येव बोलतो. म्या निस्ता त्याचं तोंड."

लोक खवळले. "आजी, द्येवावर संशय घेतीस? पात्रात न्हाई आलीस, तर वस्तीत तुला जागा न्हाई!"

यात नक्की काळंबेरं आहे, धोंडाईला वाटलं. आपल्याला खाली धाडून वस्तीमागच्या टेकडीवरचं गवत हा एकटाच चारणार! ती गुपचूप टेकडी चढली. तिथे पुजाऱ्याचं एकही मेंढरू नव्हतं. त्याचा कळप खाली पात्राच्या मधोमध बसला होता. धोंडाई ओशाळली आणि मागे वळली.

"पाय जपून टाक, बाई," टिटवी ओरडली. "माझी अंडी हायेत."

"दरसाल तू पात्रातल्या वाळूत अंडी घालतीस. औंदा इतक्या वर?"

"औंदा पाणी चढणार. पुजाऱ्याचा बाप दरसाल माझी अंडी बघून जायचा. ल्योक एकदाबी आला न्हाई."

धोंडाईने घसा फोडून सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. ती मेंढ्या घेऊन टेकडीवर गेली, तेव्हा लोकांनी तिची चूल मोडून टाकली.

पावसाळा लागला आणि एका दुपारी नदी फुगली. माणसं कशीबशी टेकडीवर पोचली. मेंढरं वाहून गेली, आणि सगळ्यांत आधी पुजाऱ्याची.

पुजारी धोंडाईपुढे बसून ढसाढसा रडला. "म्या लबाडी न्हाई केली, आजी. मला खरंच वाटलं, द्येव बोलतोय."

"ठावं हाय. तुला लबाड समजले, ती माझी चूक. पर भाकणूक काय घोंगड्याखाली जल्मली न्हाई, लेकरा. पयला भाकणूक सांगणारा वरीसभर हिंडायचा, टिटवीची अंडी बघायचा, मुंग्यांची वारुळं बघायचा, आन् मग दगडावर बसून बघितल्यालं सांगायचा. तू त्याचा दगड घेतलास, घोंगडं घेतलंस. हिंडणं तेवढं सोडलंस."

मेंढ्या व्याल्यावर धोंडाईने चूल मोडणाऱ्यांनाही एकेक कोकरू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुजारी पुन्हा दगडावर बसला. भंडारा उधळण्याआधी लोकांनी वाकून त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. त्या काट्यांनी ओरबाडलेल्या होत्या.

म्हणून ध्यानात ठेवा: सांगणारा प्रामाणिक आहे एवढ्यावर विसंबू नये, त्याने स्वतः पाहिलं आहे का हे आधी विचारावं.