निवलेली खळ

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर ज्या चिंचेखाली ती घडली ती चिंच पडली, तिच्या चिंचोक्यातून उगवलेली चिंचही पडली, एवढी पूर्वीची. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका उघड्या माळावर घोंगड्या विणणाऱ्यांचं गाव होतं. तिथली थंडी मोठी वाईट. त्या गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. विणकर हाताचा चांगला होता. त्याची घोंगडी आठ दिवस पावसात भिजली तरी आतला माणूस कोरडा राही. तो कुणावर हात उगारत नसे, बायकोला कधी वाईट शब्द बोलत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला दुष्ट म्हणाल. तो दुष्ट नव्हता.

घोंगडी विणायची तर आधी लोकरीच्या सुताला खळ लावावी लागते. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे आणि पाण्यात शिजवायचे. त्याची चिकट पेज होते, तीच खळ. अंगणात दोन खुंटांच्या मधे सूत ताणून बांधायचं आणि खळ हातांनी त्याच्यावर चोळायची. हे काम उन्हं यायच्या आत उरकावं लागतं. नाहीतर खळ मधेच वाळते आणि सुताच्या गाठी होतात. हे काम घरातल्या बाईचं.

या विणकराच्या घरात एक नियम जास्तीचा होता. खळ संध्याकाळी शिजवायची, अंगणातल्या दगडी दोणीत ओतायची आणि रात्रभर उघड्यावर निवू द्यायची. सकाळी ती गरम करायची नाही. "निवलेल्या खळीनंच घोंगडी घट्ट होते," असं विणकराचा आजा सांगे, बाप सांगे, आणि आता विणकरही सांगे.

पौषात त्या खळीवर साय धरे आणि ती थंडीनं कडक होई. विणकराची बायको ती बोटानं फोडी आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घाली.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तिनं विचारलं, "अहो, खळ जराशी कोमट केली तर चालेल का? बोटं बधिर होतात."

"नवी आहेस म्हणून," विणकर म्हणाला. "होईल सवय."

झाली सवय. बोटं बधिर व्हायची सवय झाली.

दहा-बारा वर्षांनी तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले होते. सकाळी मूठ उघडायला वेळ लागे. ती म्हणाली, "अर्धी घटका चूल पेटवते. तुम्हाला कळणारही नाही."

"घोंगडीला कळेल," विणकर म्हणाला आणि मागावर जाऊन बसला.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. त्या सकाळी तिच्या हातून पाण्याचा तांब्या निसटून पडला होता. "सांधे नुसते ठणकताहेत हो. आजच्या दिवस तरी..."

"माझ्या आईनं जन्मभर लावली," विणकर म्हणाला. "तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही."

त्यानंतर बायकोनंही काढला नाही.

हळूहळू तिची बोटं आत वळत गेली. एका हिवाळ्यात दोन्ही मुठी मिटल्या, त्या उघडेनात. शेजारीण मोठी थट्टेखोर होती. ती कुंपणावरून ओरडे, "वहिनी, मुठीत गूळ लपवलाय का? उघडा की जरा!"

"तुमच्यासाठीच राखलाय," विणकराची बायको हसून म्हणे. "या, काढून घ्या."

शेजारीण एकदा खरंच आली आणि तिची बोटं सोडवायला गेली. मग तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा ती थट्टा केली नाही.

आता खळ कोण लावणार? विणकरच लावू लागला. पहिल्या सकाळी त्यानं दोणीत हात घातले आणि त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. बायको ओसरीवर बसून बघत होती, म्हणून त्यानं त्या आवाजाचा खोकला केला.

"थंड आहे का हो?" तिनं विचारलं.

"नेहमीचीच आहे," तो म्हणाला.

पहिला हिवाळा त्यानं काढला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या बोटांची पेरं लाल झाली. तिसऱ्यात ती सुजली, आणि मागावर सूत फेकायचा धोटा धरला की खांद्यापर्यंत कळ जाऊ लागली. विणकराचे हात गेले म्हणजे विणकर गेला. तो घाबरला. त्यानं निर्गुडीचा पाला बांधला, एरंडाचं तेल चोळलं, गंडा बांधून घेतला, गरम वाळूनं शेकलं. रात्रीपुरतं बरं वाटे. पहाटे पुन्हा दोणीत हात जात आणि पुन्हा कळ उठे.

तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, की तीन दिवसांच्या वाटेवर मेंढ्यांचा एक तळ आहे. तिथली म्हातारी धनगरीण आखडलेले सांधे मोकळे करते.

"जाऊन येतो," विणकर म्हणाला.

"जा की," बायको म्हणाली. तिनं दोन मुठींच्या मधे भाकरी धरून फडक्यात ठेवली, वर कांदा ठेवला, आणि फडक्याची गाठ दातांनी मारली. एवढ्या वर्षांत तिच्या हातांसाठी तो नदीच्या उतारापर्यंतही गेला नव्हता. गाठ पक्की बसली का, एवढंच तिनं बघितलं.

तीन दिवस चालून विणकर तळावर पोचला. म्हातारी धनगरीण एका मेंढीचा खूर साफ करत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "माणूस आहेस की मेंढा? मेंढा असशील तर रांगेत बस."

"माणूस आहे, आजी. हात दुखतात."

तिनं त्याचे हात घेतले, उलटे केले, पालटे केले. मग एका गाभण मेंढीला जवळ ओढून तिच्या पोटाच्या दाट लोकरीत त्याचे दोन्ही हात खुपसले. "बस असाच," ती म्हणाली आणि दुसऱ्या मेंढीकडे वळली.

विणकर बसला. लोकरीच्या आत ऊब होती. बऱ्याच वेळानं त्याचं एक बोट सैल झालं, मग दुसरं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि हात गुंतलेले असल्यामुळे त्याला ते पुसता आलं नाही.

"आजी, औषध काय?"

"तेच चाललंय की. ऊब. रोज सकाळी, काम सुरू करायच्या आत. आणि थंडात हात घालायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच. तुला काय मोती वाटून हवा होता?" मग तिनं त्याचा एक हात बाहेर ओढून नखं बघितली आणि तो पुन्हा लोकरीत खुपसला. नखांच्या कडांना चिंचोक्याची खळ वाळून बसली होती. "घोंगडीवाला दिसतोस. खळ निवलेली लावतोस की काय?"

"आमच्या घरची रीत आहे. आजोबांनी घातलेली."

म्हातारी हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. "माळावरचं, चिंचेजवळचं घर? दगडी दोणीवालं?"

"हो."

"माझी आई तुझ्या आज्याला लोकर घालायची. ती सांगायची. एका वर्षी मोठा दुष्काळ पडला, माळावर काडी राहिली नाही. जळण नव्हतं, म्हणून तुझा आजा खळ एकदाच शिजवायचा आणि सकाळी तशीच लावायला सांगायचा. तुझी आजी रडायची. मग तो तिला म्हणायचा, निवलेल्या खळीनं घोंगडी घट्ट होते गं. तिची समजूत काढायला म्हणायचा." म्हातारीनं मेंढीच्या पाठीवर हात फिरवला. "पुढच्या वर्षी पाऊस झाला. जळण आलं. पण ते बोलणं घरात राहून गेलं, वाटतं."

विणकर लोकरीत रुतलेल्या आपल्या मनगटांकडे बघू लागला.

"खळ आधीपासून तूच लावतोस?"

"नाही. तीन हिवाळे झाले. आधी बायको लावायची."

"किती वर्षं?"

"चाळीस."

"मग तिचे हात कसे आहेत रे, लेका?"

विणकरानं मेंढीच्या लोकरीतून आपले हात बाहेर काढले. त्याला ते तिथं ठेवणं जमेना.

तो दोन दिवसांत घरी पोचला. जाताना तीन लागले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं अंगणात चूल मांडली, दोणीतली खळ मडक्यात भरून तापवली, आणि वाफ निघू लागल्यावर मडकं उतरवून ओसरीवर आणलं. बायको जागी झाली.

"अहो, हे काय? खळ गरम झाली की! घोंगडी बिघडेल."

"बिघडू दे," विणकर म्हणाला. त्यानं आधी स्वतःचं बोट घालून बघितलं, भाजत नाही ना ते. मग तिच्या मिटलेल्या मुठी आपल्या हातांत घेतल्या आणि खळीत सोडल्या.

ती डोळे मिटून बसली. अंगणात उजाडू लागलं. खुंटांना बांधलेलं सूत कोरडंच होतं.

"बरं वाटतंय," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं तुम्हाला."

"तीनदा," विणकर म्हणाला.

तिनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. मोजलंही होतं.

त्या दिवसापासून रोज पहाटे चूल पेटू लागली. महिनाभरात विणकराची बोटं मोकळी झाली. धोटा पुन्हा सरसर फिरू लागला. गरम खळीची पहिली घोंगडी मागावरून उतरली तेव्हा त्यानं ती उन्हात धरून बघितली, ओढून बघितली, वरून पाणी ओतून बघितलं. घोंगडी नेहमीसारखीच होती. अगदी नेहमीसारखी. ती बिघडली असती तर फार बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. निदान चाळीस वर्षांना काही कारण तरी राहिलं असतं.

बायकोचा ठणका कमी झाला. तिला रात्री झोप लागू लागली. पण तिच्या मुठी उघडल्या नाहीत. विणकर पुन्हा एकदा धनगरणीकडे जाऊन आला. तिनं नुसती मान हलवली. "ओला दोर उलगडतो," ती म्हणाली. "गाठ वाळून बसली की ऊब देत राहायची. ती देत राहा."

तो देत राहिला. दोन हिवाळे. तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती गेली. फारसं दुखणं काढलं नाही. सकाळी तो मडकं घेऊन आला तेव्हा ती उठली नाही, एवढंच.

त्या गावात एक चाल होती. विणकराच्या घरातली बाई गेली, की निरोप देताना तिच्या उजव्या हातात लोकरीचा एक पुंजका देत. पलीकडची माणसं विचारतील, कुणाच्या घरची तू, तेव्हा तिनं हात उघडून दाखवावा, म्हणून. शेजारणीनं पांढऱ्या लोकरीचा पुंजका आणला. पण ठेवायचा कुठं? मूठ मिटलेली होती.

"गरम पाणी आणू का?" शेजारीण हळूच म्हणाली. "जरा शेकली तर उघडेल."

"नको," विणकर म्हणाला. "तिला आता ओढू नका."

तो पुंजका त्यानं तिच्या मनगटाला सुतानं बांधला. गाठ मारताना त्याची बोटं चांगली चालत होती. सगळ्यांनी ते बघितलं, आणि त्यानंही बघितलं.

घरी आल्यावर त्यानं अंगणातली दगडी दोण पालथी घातली. नंतर खूप वर्षं तो जगला आणि विणत राहिला. त्या गावात मग एक नवी रीत पडली. खळ ऊन करून आणायची, आणि मागावर बसणाऱ्यानं आधी स्वतःचा हात तिच्यात घालून बघायचा. त्याच्या हाताला ती सोसली, तरच दुसऱ्या कुणी हात घालायचा. विणकर म्हातारपणी मुलांना ही रीत शिकवी. ती कुणासाठी पडली, असं मुलं विचारत, तेव्हा तो पालथ्या दोणीकडे बघत बसे.

दुसऱ्याचं दुखणं तो सांगतो तेव्हाच ऐकावं; आपल्या हाताला कळ लागेपर्यंत थांबलं, तर उशिरा दिलेल्या उबेनं ठणका थांबतो, पण मिटलेली मूठ उघडत नाही.