गवंड्याच्या हातचे ठोकळे

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांचा शिष्य प्रबंध घेऊन सहीसाठी आला. आचार्य बांधकामशास्त्राचे. चाळीस वर्षे त्यांनी काँक्रीटचे ठोकळे फोडून पाहण्यात घालवली होती. बोलणे कमी. स्तुती त्याहून कमी.

शिष्याचे संशोधन उपयोगाचे होते. साखर कारखान्यात उसाचे चिपाड जाळतात, त्याची राख उरते. ती कोणी नेत नाही. वाऱ्यावर उडते आणि शेजारच्या वस्तीला खोकला लावते. शिष्याने ती राख दळली, चाळली आणि सिमेंटमध्ये मिसळली. शंभर भागांतले पंचवीस भाग सिमेंट काढून तिथे राख. त्या काँक्रीटचे ठोकळे पाडले, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले, मग दाबयंत्राखाली घातले. साध्या सिमेंटचा ठोकळा ऐंशी टनांना फुटला. राखेचा पंच्याऐंशी टनांना. तीन वर्षे हेच केले. आकडा हलला नाही.

दीड महिन्यात प्रबंध दाखल झाला, तर एका महाविद्यालयातली अध्यापकाची जागा त्याला मिळणार होती. घरी तसे सांगूनही झाले होते.

आचार्यांनी प्रबंध उघडलाच नाही.

"ठोकळे कोणी पाडले?"

"मीच, सर. एकूण एक. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

हे त्याने छाती पुढे काढून सांगितले.

आचार्य उठले आणि फाटकाबाहेर गेले. तिथे हणमंता नावाचा गवंडी कुंपणाची भिंत दुरुस्त करीत होता. त्याला ते प्रयोगशाळेत घेऊन आले. शिष्याला त्यांनी स्टुलावर बसवले.

"दोन्ही हात मांडीखाली घे. तोंड बंद."

शिष्याला काही कळेना. पण आज्ञा ती आज्ञा. तो हातांवर बसला.

आचार्यांनी सिमेंट, राख, वाळू, खडी काट्यावर तोलून दिली. पाणीही मापून दिले. हणमंता हसला.

"मास्तर, हे काय, काँक्रीट कालवायचं का बाळंतिणीचे लाडू वळायचे?"

"तुझ्या रीतीने कालव. आठ ठोकळे पाड."

हणमंताने फावडे चालवले. थोड्या वेळाने तो थांबला.

"माल लई घट हाय. साच्यात उतरायचा न्हाई." असे म्हणून त्याने बादलीतले तांब्याभर पाणी त्यात ओतले. मग आणखी अर्धा.

शिष्य स्टुलावर उसळला. "अहो हणमंता, पाणी मोजून दिलंय!"

"सायब, लेकीला दागिना मोजून द्यावा. मालाला पाणी पाजावं लागतं."

"तोंड बंद," आचार्य म्हणाले. ते हणमंताला म्हटलेले नव्हते.

साचे भरले. अठ्ठावीस दिवस गेले. ठोकळे यंत्राखाली आले. पहिला पन्नास टनांना फुटला. दुसरा बावन्न. आठवा एकोणपन्नास.

शिष्याचा चेहरा उतरला. मग तो सावरून म्हणाला, "सर, हे धरायचे नाहीत. हा हणमंताचा दोष आहे. त्याने पाणी जास्त घातलं. सदोष नमुने आपण वगळतोच."

आचार्य म्हणाले, "तीस वर्षे तो माणूस स्लॅब घालतो. त्याचे एक छत पडलेले नाही. तेवढे पाणी साध्या सिमेंटला सोसते. तुझी राख पाणी पिते, माल घट्ट होतो. घट्ट माल हाताला आला की कोणताही गवंडी तो सैल करणार. वर ऊन असते, खाली घमेली घेऊन दहा माणसे खोळंबलेली असतात. तो करणारच. ही त्याची चूक नव्हे. ही तू न तपासलेली गोष्ट आहे. तीन वर्षे तू राखेची परीक्षा घेतोस असे तुला वाटले. तू स्वतःच्या हाताची घेतलीस. हात उत्तम आहे. पण या देशातली घरे तुझ्या हातांनी बांधली जाणार नाहीत."

आचार्य पुढे बोलू लागले.

"हे आपल्यापुरतेच नाही. वैद्यकातला माझा मित्र औषध तपासतो. इस्पितळात परिचारिका घड्याळ बघून गोळी देते, रोगी बरा होतो. घरी गेलेला रोगी दोन दिवसांत बरे वाटले की गोळ्या फळीवर टाकतो. अर्थशास्त्रवाला योजना आखतो ती कागद वाचणाऱ्या माणसासाठी; ज्याच्या दारी ती जाते, तो कागद वाचत नाही. भौतिकशास्त्रवाल्याचा काटा बंद खोलीत केसाइतके वजन सांगतो, बाजारात धूळ बसली की अडकतो. उत्तर शोधणाऱ्याच्या हातात खरे ठरले, म्हणजे अर्धे ठरले. उरलेले अर्धे दुसऱ्याच्या हातात ठरते."

मग त्यांनी प्रबंध पुढे ओढला.

"आकडे खोटे नाहीत. तू मोजलेस तेच लिहिलेस. सही हवी असेल तर आत्ता करतो. तारीखही गाठशील. सांग."

शिष्याने प्रबंधाकडे पाहिले. यंत्राखालच्या भुग्याकडे पाहिले. पुढचे ठोकळे पिकायला पुन्हा अठ्ठावीस दिवस, म्हणजे तारीख हुकणार, हे त्याला कोणी सांगायला नको होते. त्याने प्रबंध उचलला आणि काखेत मारला.

"नको, सर. आत्ता नको."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः फाटकाबाहेर गेला. हणमंताला बोलावले. आणखी दोन गवंडी आणले. या वेळी राख वीस भाग, पंधरा भाग, दहा भाग, आणि राख न घातलेलाही माल. प्रत्येकाने आपल्या रीतीने कालवायचे. शिष्याने कोणाला पाणी सांगितले नाही. कोणी किती तांबे ओतले, एवढेच तो लिहून घेत राहिला. हातांवर बसण्याची त्याला आता गरज उरली नव्हती.

ठोकळे पाण्यात असतानाच महाविद्यालयाचे पत्र आले. जागा दुसऱ्याला दिली होती. त्याने ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि चाळणी हातात घेतली.

फोडण्याच्या दिवशी हणमंता स्वतःहून आला. आपल्या हातचे काय होते ते त्याला पाहायचे होते. वीस भाग राखेचा ठोकळा छप्पन्न टनांना गेला. पंधराचा त्रेसष्टला. राख नसलेला एकाहत्तरला. मग दहा भागांचा आला. यंत्राचा काटा चढू लागला. साठ. पासष्ट. अडुसष्ट. सत्तर. आणखी एक. मग फुटला.

शिष्याने तिन्ही गवंड्यांचे सगळे ठोकळे फोडले. दहा भागांपर्यंत राख असली, की गवंडी पाणी नेहमीइतकेच घालीत होता आणि ताकद घटत नव्हती. त्यापुढे घटत होती. पंच्याऐंशीचा आकडा गेला होता. हाती एकाहत्तर आला होता. तो पुन्हा पुन्हा येत होता. शिष्याने तो प्रबंधात नोंदला.

हणमंताने भुगा चिमटीत घेऊन पाहिला.

"सायब, एक इचारू? म्हैन्याभरानं मेव्हण्याच्या घरचा स्लॅब घालायचाय. सिमेंट परवडंना त्याला. ही राख घालू का?"

तीन वर्षांत अनेक विद्वानांनी शिष्याला अनेक प्रश्न विचारले होते. हा कोणी विचारला नव्हता. शिष्याने आचार्यांकडे पाहिले नाही. पुस्तकात पाहिले नाही.

"घाला. शंभराला दहा. बारीक चाळलेली, इथूनच न्या. त्यापुढे चिमूटही नको."

"आन् पाणी?"

"तुमच्या रीतीनं."

हणमंताने मान हलवली आणि हात झटकून तो कामावर गेला.

आचार्यांनी खिशातून पेन काढले, आणि प्रबंधासाठी हात पुढे केला.