कुमुदिनीचा गणपती

एका राज्यात काहीच पुरे होत नसे. दुधाला विरजण लावावे, तर सकाळी दूध ते दूधच. कणसात दाणा भरे, पण पिकत नसे. चुलीवरचा भात अर्धाकच्चाच खाली उतरे. नदीसुद्धा वाहता वाहता दोन काठांमध्ये थबकून उभी राहिली होती.

त्या राज्याचा राजा मेघकेतू. त्याच्या राणीचे, वसुमतीचे, दिवस केव्हाच भरले होते. कळा येत आणि वाटेतच थांबत. सुइणी म्हणत, "बाळ दारापाशी उभं आहे, पण दार उघडत नाही." राणीचा चेहरा मेणासारखा पांढरा पडला होता. तिचे हाल कोणाला पाहवत नव्हते.

हे असे का झाले, ते राजाला ठाऊक होते. त्याची लेक कुमुदिनी हिने भाद्रपदात नदीकाठची माती आणून आपल्या हाताने गणपती घडवला होता. एक कान मोठा, एक लहान. सोंड थोडी वाकडी. राजाने कौतुकाने त्याचीच प्राणप्रतिष्ठा केली. आरत्या झाल्या, मोदक झाले, आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी कुमुदिनी तापाने गेली.

राजा म्हणाला, "ही मूर्ती पाण्यात जाणार नाही. हिच्यावर माझ्या लेकीची बोटं आहेत."

पुरोहित म्हणाले, "महाराज, मातीचा देव पाहुणा असतो. उत्तरपूजा करून त्याला निरोप द्यावा लागतो."

राजाने पुरोहितांना घालवून दिले आणि करालनाथ मांत्रिकाला बोलावले. करालनाथाने मूर्तीच्या कमरेला काळ्या दोऱ्याचा गंडा बांधला. म्हणाला, "आता हिला तडा जाणार नाही. पण राजा, एक गोष्ट संपू दिली नाहीस, तर कोणतीच संपणार नाही."

राजाने पहिले वाक्य ऐकले आणि दुसरे कानाआड केले. वर दवंडी पिटवली, की राजकन्या आजोळी गेली आहे. दुसरे काही बोलेल त्याची जीभ छाटली जाईल.

आता राणीची दशा पाहून राजा मूर्तीपाशी आला. त्याने गंड्यावर सुरी चालवली. सुरीची धार गेली, दोरा जसाच्या तसा. हताश होऊन तो नदीच्या घाटावर जाऊन बसला. तिथे एक टिटवी होती. ती माणसांसारखे बोलत असे.

टिटवी म्हणाली, "राजा, पाहुण्याला नैवेद्य दाखवतोस आणि बाहेरून कडी घालतोस. तू यजमान की रखवालदार?"

"टोचून बोलू नकोस, पक्षिणी. गंडा सुटेल कसा ते सांग."

"मूर्तीकडे नीट बघ. कान सुपाएवढे, पोट परातीएवढे आणि दात एक मोडका. आधी कान हो. मग पोट हो. मग दात मोड."

लोकांचे ऐकायला राजा एकटाच गवळीवाड्यात गेला. पहिल्याच दारात ठकूबाई गवळण बसली होती. तिने त्याला ओळखले, पण ती उठली नाही.

"या महाराज! दही न्यायला आलात होय? निरोपाच्या दिवशी देवाच्या हातावर दही ठेवायची आपली रीत. पण दही आणू कुठून? रोज विरजते, रोज दूध ओतून देते. वासरू अर्धं बाहेर आलेलं, गाय हंबरतेय ऐका. आजोळी गेलेली पोर कधी परतायची हो?"

राजाच्या ओठांवर शब्द आले. त्याने ते मागे ढकलले आणि नुसता ऐकत राहिला. तिचे बोलून संपेपर्यंत ऐकले, मग गाईचेही ऐकले.

ठकूबाई जरा नरमली. "आत जा. सासूबाई आहेत. मरण मागतायत, येत नाही."

आत फाटक्या वाकळेवर म्हातारी पडली होती. श्वास अडकत होता, सुटत नव्हता.

"कोण, राजा? तुझी पोर गेली तेव्हा मी चूल पेटवली नाही रे. माझा लेक तुझ्या लढाईत पडला, त्या दिवशी तुझ्या वाड्यावर नगारे वाजत होते. ठाऊक आहे तुला?"

राजाला ठाऊक नव्हते. रागही आला, लाजही वाटली. त्याने दोन्ही पोटात घातली. म्हातारीचे पाय दाबत तो बसून राहिला. पोटात घातलेले निखाऱ्यासारखे जळत होते, तरी त्याने ते बाहेर येऊ दिले नाही.

वाड्यावर येऊन त्याने मुकुट दगडावर आपटून मोडला. गंडा सुटला नाही. तलवार गुडघ्यावर मोडली. गंडा सुटला नाही.

खिडकीत टिटवी हसली. "मुकुट सोनाराचा, तलवार लोहाराची. यात तुझं काय मोडलं?"

शेजारच्या दालनातून राणीचा क्षीण आवाज आला. "स्वामी, ती आजोळी नाही. मी तिची आई आहे. मला तरी खोटं सांगू नका."

राजाने गुडघे टेकले. तो मूर्तीसमोर म्हणाला, "देवा, माझी कुमुदिनी मेली."

स्वतःचीच दवंडी मोडून हे तो पहिल्यांदाच बोलला. बोलता बोलता तो लहान पोरासारखा मोठ्याने रडला. गंडा गळून खाली पडला आणि त्याची राख झाली.

राजाने उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवली. तेवढ्यात ठकूबाई धापा टाकत आली. तिच्या वाटीत घट्ट दही होते. राजाने ते देवाच्या हातावर ठेवले, मूर्ती डोक्यावर घेतली आणि तो नदीत उतरला. पाणी चालू लागले होते.

त्याला हात सोडवेना. पाण्याने आधी लहान कान नेला, मग मोठा. पाठीवर एक इवलासा अंगठा उमटला होता. राजा त्यावर आपला अंगठा ठेवून उभा राहिला. माती मऊ झाली, सरकली, आणि त्याच्या अंगठ्याखाली नुसते पाणी उरले.

वाड्यातून बाळाचे रडणे ऐकू आले. दासी घाटावर धावत आली. "महाराज, मुलगी! राणीसाहेब सुखरूप आहेत!"

त्याच क्षणी गवळीवाड्यातूनही रडणे उठले. म्हातारी सुटली होती.

राजा ओल्या वस्त्रांनी काठावर आला. "राणीला सांग, मी येतोच," तो दासीला म्हणाला. मग गवळीवाड्याची वाट धरून तो गेला आणि ज्या बाजूला तिचा लेक असता, त्या बाजूने त्याने म्हातारीच्या तिरडीला खांदा दिला.